डावा कोपरा

"आधी दार लाव," जुबेदा म्हणाली.

वर्गाच्या दाराची कडी मोडकी होती. मी एक बाक ओढून दाराला टेकवला आणि तिच्यापाशी गेले. ती खिडकीखालच्या सतरंजीवर बसली होती. केस मोकळे, मांडीवर कंगवा.

"माझी वेणी घालशील?"

माझी ऐकण्यात काही चूक झाली का, असं मला क्षणभर वाटलं. लातूरला राज्य अजिंक्यपद कबड्डी स्पर्धा चालू होती आणि एका शाळेचे वर्ग रिकामे करून आम्हा मुलींच्या संघांची तिथं राहायची सोय केली होती. आमच्या संघातल्या बाकी सगळ्या खाली नाश्त्याला गेल्या होत्या. मी गुडघ्याला बांधायची पट्टी विसरले म्हणून परत वर आले होते. जुबेदा मुलाणी आणि मी तीन वर्षं मैदानावर एकमेकींचा हात धरून खेळत होतो. मी डाव्या कोपऱ्यावर, ती माझ्या शेजारी. समोरची मुलगी चढाई करत आत आली की आम्हा दोघींची साखळी तिच्यावर झेपावायची. पण मैदानाबाहेर जुबेदानं माझ्याकडं कधी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. कुणीच मागत नसे.

मी तिच्या मागं बसले आणि केस हातात घेतले. दाट, लांब केस होते. गुंता काढता काढता माझा हात तिच्या डाव्या खांद्याला लागला आणि तिनं दातांमधून श्वास ओढला.

"काय झालं गं?"

"काही नाही. घाल तू."

मी तिच्या टी-शर्टाची बाही वर सरकवली. खांद्याचा पुढचा भाग सुजून निळसर पडला होता, आणि त्याचा आकारच काहीतरी वेगळा दिसत होता, जणू कुणी तो खांदा काढून घाईघाईनं परत बसवला असावा.

"कधी?"

"काल. आपल्यावर लोण चढला तेव्हा."

काल उपांत्यपूर्व सामन्यात आमचा सगळा संघ एकदा बाद झाला होता. त्यातनं कसंबसं सावरून आम्ही जिंकलो होतो. आज दुपारी उपांत्य सामना होता.

"हात वर कर बघू."

तिनं केला. छातीपर्यंत आला आणि तिथंच अडकला. कपाळावर घाम फुटला.

"जुबेदा, हाच हात मी धरते. हाताला हिसका बसला तर..."

"तू हलका धर. मी सांभाळते."

"सरांना सांगू या."

ती गर्रकन वळली. "त्यांना अजिबात सांगायचं नाही. सांगितलं तर ते मला बसवतील आणि परत संघात घेणार नाहीत. मागच्या वर्षी सुनंदाचा घोटा दुखत होता तर काय म्हणाले आठवतं ना? 'दुखत असेल तर घरी जा, भाकऱ्या थाप.' ती गेलीच शेवटी." मग आवाज उतरवून म्हणाली, "घरी माझ्यासाठी स्थळं बघायला लागलेत, कांचन. राज्याचं मेडल असलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता येतो. वर्दी अंगावर चढली तर आई थांबेल. नाहीतर नाही थांबणार."

खालून कुणीतरी आमची नावं घेऊन हाक मारली.

"शपथ घे," ती म्हणाली.

मी घेतली. वेणी घालून झाल्यावर तिनं आरशाच्या तुकड्यात बघून मान हलवली आणि माझ्याकडं बघून थोडीशी हसली. मला भीती वाटत होती, आणि तरी आत कुठंतरी फार बरं वाटलं. संघातल्या एका मुलीनं पहिल्यांदाच माझ्यावर विश्वास टाकला होता.

कारण सर म्हणजे माझे वडील होते.

घरी ते आप्पा आणि मैदानावर सर. एकदा चुकून मी सरावात "आप्पा" म्हणाले होते तर त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. गावच्या हायस्कुलात ते खेळाचे शिक्षक, भोईटे सर. तरुणपणी स्वतः उत्तम खेळलेले. मुलींचा संघ त्यांनी उभा केला तेव्हा गावात लोक हसले होते. पहाटे उठून मैदानावर पाणी मारण्यापासून ते सामन्याला जाताना प्रत्येकीच्या पिशवीत केळी टाकण्यापर्यंत सगळं ते एकटे करायचे. प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन त्यांनी परवानग्या आणल्या होत्या. तीन वर्षांत आमचं मंडळ जिल्हा जिंकून जिल्ह्याचा संघ म्हणून राज्याला आलं, ते त्यांच्यामुळंच.

पण त्यांचा एक रिवाज होता. रोज सराव संपला की ते आम्हाला गोल उभं करायचे आणि विचारायचे, "आज कुणाची चूक?" प्रत्येकीनं बोट दाखवून नाव घ्यायचं. गप्प राहिलं तर गप्प राहणारीचीच चूक धरली जायची. जिच्याकडं जास्त बोटं, तिनं सगळ्यांसमोर आपण काय चुकलो ते मोठ्यानं सांगायचं, आणि मग सर तिला आपल्या भाषेत सुनवायचे. ते ऐकून घरी जाताना मुली रडायच्या.

"संघात लपवाछपवी चालत नाही," ते म्हणायचे. "चूक तोंडावर सांगायची. त्यानं मन साफ राहतं आणि एकी होते."

ते स्वतः अशाच तालमीत घडले होते, आणि त्यांना ते मनापासून खरं वाटायचं.

झालं असं होतं की मैदानावर कुणी पकड करायला जाईनाशी झाली. पकडायला गेलं आणि निसटली तर आपली चूक. गेलंच नाही तर दुसरीची. चढाईवाली आत आली की सातही जणी एकमेकींकडं बघायच्या, आणि मग बाहेरून सरांचा आवाज यायचा, "धर! मागं हो! आता!" त्या आवाजावर आम्ही हलायचो.

त्या गोलात माझ्याकडं मात्र कधीच कुणी बोट दाखवलं नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. मी ढळढळीत चुकले तरी नाही. मी वर्गात शिरले की बोलणी थांबायची, मी डबा उघडला की सगळ्यांची जेवणं उरकलेली असायची. मुलींना वाटायचं, आपलं बोलणं रात्री घरी सरांच्या कानावर जातं. मी कधीच काही सांगितलं नव्हतं. पण तसं सांगत फिरण्यानं कुणाचा विश्वास बसत नाही.

दुपारी मैदानावर उपनगर जिल्ह्याचा संघ समोर आला तेव्हा ऊन तापलं होतं. आदल्या दिवशीपासून सगळे म्हणत होते की हा संघ यंदा जिंकणार. त्यांची सात नंबरची मुलगी उंच आणि लांब हातांची होती. ती चढाईला यायची तेव्हा घाई करायची नाही. आमच्या कोपऱ्यांकडं हसून बघत आत यायची.

मी जुबेदाचा हात हातात घेतला. ओला होता. माझाही होता.

पहिल्याच चढाईला सात नंबर आमच्या बाजूला आली. माझ्यापासून हातभरावर पाय टाकला. पकडीची वेळ होती. मी अंग पुढं टाकायला गेले आणि मनात आलं, हिसका बसेल. माझा पाय जागच्या जागी राहिला. तिनं मला बोट लावलं आणि मागं पळाली.

"कांचन!" बाहेरून सरांचा आवाज आला. "झोपलीस का?"

पुढं सगळं तसंच होत गेलं. मी बाद होऊन बाहेर बसायची, परत आत यायची, परत हात हलका धरायची. जुबेदानं एकदा स्वतःहून झेप घेतली आणि अर्ध्यातच हात सोडला. सात नंबर आमच्या दोघींमधून निघून गेली. जुबेदाचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिच्याकडं बघितलं तर तिनं मान नाही म्हणून हलवली. बाहेर सर रेषेवर येऊन ओरडत होते आणि पंचानं त्यांना दोनदा मागं जायला सांगितलं. आमची कर्णधार निर्मला शेडगे उजव्या बाजूला खेळायची. एरवी शांत असणारी निर्मला त्या दिवशी सारखी डावीकडं बघत होती. आमच्यावर लोण चढला. पहिला डाव संपला तेव्हा आम्ही दहा गुणांनी मागं होतो.

मध्यंतर पाच मिनिटांचं. आम्ही मांडवाच्या कडेला सावलीत गेलो. पाणी प्यायच्या आधीच सर म्हणाले, "गोल करा."

आम्ही गोल केला. बाकीचे संघ, प्रेक्षक, सगळे दिसत होते.

"बोला. कुणाची चूक?"

मुली एकमेकींकडं बघू लागल्या. मग निर्मला म्हणाली, "माझी, सर."

"तू उजवीकडं होतीस. तुझ्या बाजूनं एक गुण गेला नाही." सरांचा आवाज खाली आला होता आणि तो खाली आला की जास्त भीती वाटायची. "मी विचारलं, कुणाची चूक?"

"माझी, सर," अलका म्हणाली. ती तर राखीव खेळाडू होती, मैदानात उतरलीच नव्हती.

सरांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते जुबेदासमोर जाऊन उभे राहिले.

"हात का सोडलास?"

जुबेदा खाली बघत राहिली.

"शेवटच्या क्षणी हात सोडलास. मी बघितलंय. घाबरलीस? घाबरायचं होतं तर इथवर आलीस कशाला? दुसऱ्या डावात हात सुटला तर..."

"तिचा खांदा निखळलाय," मी म्हणाले.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. सर माझ्याकडं वळले. मुलीही वळल्या. आणि मला वाटलं होतं की त्या दचकतील, जुबेदाकडं धावतील. पण त्या सगळ्या माझ्याकडं बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत नुसता राग होता. तो का, ते मला तेव्हा कळलं नाही.

"काय?"

"काल निखळला. हात छातीच्या वर जात नाही. तिला आत पाठवू नका, सर. तिचा हात जाईल."

जुबेदानं डोळे मिटून घेतले.

"तुला कधी कळलं?" सरांनी मला विचारलं.

"सकाळी."

"सकाळी कळलं आणि आत्ता सांगतेस? मला का नाही सांगितलं?"

मी म्हणाले, "तुम्हाला कुणीच काही सांगत नाही, सर. सांगावंसं वाटत नाही कुणाला."

मांडवात कर्ण्यावर कुठल्या तरी सामन्याचा निकाल सांगत होते. सरांनी जुबेदाच्या खांद्याकडं हात नेला, मग तो मधेच थांबवला आणि विचारलं, "बघू का?" तिनं मान हलवली. त्यांनी बाही जराशी सरकवली, बघितलं आणि परत नीट खाली केली.

मग ते मागं सरकून खुर्चीवर बसले. सामना चालू असताना त्यांना बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"आता काय करायचं, सर?" निर्मलानं विचारलं.

ते तिच्याकडं बघत राहिले. "मला सुचत नाही, निर्मला," ते म्हणाले. "तुम्हीच बघा."

कुणालाच खरं वाटेना. मग निर्मला खाली उकिडवी बसली आणि बाकीच्या तिच्याभोवती बसल्या. मी बाजूला उभी होते. तिनं वर बघितलं. "बस की खाली. वेळ नाही."

मी बसले.

"अलका उजवीकडं माझ्या जागेवर जाईल. मी कांचनशेजारी खेळते. जुबे, त्या सात नंबरचं सांग."

जुबेदा माझ्याकडं न बघता बोलू लागली. ओढणीची झोळी करून कुणीतरी तिचा हात गळ्यात बांधत होती आणि ती सांगत होती, "ती उजवा पाय टाकते पण वळते नेहमी डावीकडून. वळायच्या आधी मान खाली घालते. तेव्हा धरायची. आधी गेलं तर निसटते."

एकेक जण भरभर बोलत होती. अर्धी वाक्यं, खुणा, कुठल्या तरी शब्दांवर सगळ्यांनी मान हलवायची. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. मी ज्या संघात तीन वर्षं होते, त्या संघाची अशी एक वेगळीच बोली होती आणि ती मी पहिल्यांदा ऐकत होते.

मैदानात जाताना निर्मलानं माझा हात धरला. "मी बोटं एकदा दाबली तर थांब. दोनदा दाबली की पाय धर. माझी वाट बघू नको, मी तुझ्यावर येतेच."

"हे कधी ठरलं?"

"आमचं आधीपासूनच आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या डावात बाहेरून आवाज आला नाही. पहिल्या चढाईला आम्ही सगळ्यांनी सवयीनं रेषेकडं बघितलं आणि तेवढ्यात एक गुण गेला. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. आवाजाशिवाय पाय हलतच नव्हते. मग जुबेदा बाहेरून ओरडली, "मान बघा तिची, मान!" सर काहीतरी बोलायला उठले तर ती त्यांना म्हणाली, "सर, थांबा जरा." आणि ते थांबले.

सात नंबर परत आली. माझ्यासमोर उजवा पाय टाकला. निर्मलानं एकदा दाबलं. मी थांबले. सात नंबरनं मान खाली घातली. दोनदा दाबलं. मी गेले, तिचा घोटा माझ्या दोन्ही हातांत आला, आणि वरून निर्मलाचं, मग अलकाचं, मग आणखी कुणाचं तरी वजन येऊन पडलं. तोंडात माती गेली. पंचाची शिट्टी वाजली तेव्हा ती बाद होती.

त्यानंतरची चढाई मी घालवली. घाई केली, निर्मलानं दाबायच्या आधीच सुटले, आणि त्यांच्या मुलीनं आमच्या दोघींना बाद केलं. आम्ही दोघी बाहेर आलो तशी निर्मला माझ्यावर खेकसली, "कांचन, कुणी सांगितलं होतं जायला? तिच्या पायाकडं काय बघतीस? माझ्या बोटांकडं लक्ष ठेव. परत असं केलंस तर माझ्याशेजारी उभी राहू नको."

सर तिथंच बसले होते, चार पावलांवर. त्यांच्यासमोर ती मला बोलली. मला रडू यायला हवं होतं. पण संघातल्या मुलीनं मला माझी चूक सांगितलेली ही पहिलीच वेळ होती. "हो," मी म्हणाले. आणि आत गेल्यावर परत ती चूक केली नाही.

आम्ही हरलो. एका गुणानं हरलो. शेवटच्या चढाईला अलका गेली होती आणि तिचा हात मध्यरेषेला चार बोटं कमी पडला. ती तिथंच मातीत पडून राहिली. सगळ्या जणी धावल्या, तिला उठवलं आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही. उपांत्य फेरीत हरलेल्या दोन्ही संघांना तिसरा क्रमांक होता, म्हणजे मेडल प्रत्येकीला मिळणार होतं. त्या वेळी ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

संध्याकाळी आम्ही जुबेदाला दवाखान्यात नेलं. सर, निर्मला आणि मी. तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी एक्स-रे उजेडाकडं धरून बघितला.

"किती वेळा निखळलाय हा?"

"काल पहिल्यांदा," सर म्हणाले.

"नाही हो. हा बऱ्याचदा निखळलेला खांदा आहे. आणि दर वेळी कुणीतरी बसवलाय." त्यांनी जुबेदाकडं बघितलं. ती भिंतीकडं बघत होती. मग त्या सरांना म्हणाल्या, "आज आणखी एक हिसका बसला असता तर आतली शीर गेली असती. मग हात राहिला असता नुसता लोंबकळत. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

सरांनी निर्मलाला विचारलं, "कधीपासून?"

निर्मला दाराला टेकून उभी होती. "दिवाळीच्या शिबिरापासून. मग जिल्ह्याच्या फायनलच्या आधी. मग काल."

"बसवला कुणी?"

"मी. आमचे आजोबा हाडं बसवायचे, मी बघत होते."

"आणि कुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना," ती म्हणाली. मग एकदा माझ्याकडं बघून, "कांचन सोडून."

खोलीत पंखा फिरत होता. मी तो बघत राहिले, कारण दुसरीकडं कुठं बघावं कळत नव्हतं.

"तिची वेणी रोज मीच घालते," निर्मला हळूच म्हणाली. ते सरांना नव्हतं, मला होतं. "आज सरांनी मला पहाटेच खाली बोलावलं. आजच्या सामन्यांच्या चिठ्ठ्या टाकायला. बाकीच्या पण खाली गेल्या. म्हणून तिनं तुला सांगितलं. दुसरं कुणी नव्हतं."

मग एकेक गोष्ट माझ्या लक्षात येत गेली. दिवाळीपासून रोजच्या गोलात जुबेदाकडं बोटं गेली नव्हती. तिची पकड ढिली पडली की दुसरीच कुणीतरी चटकन चूक कबूल करायची. त्यांनी आपसांत पाळ्या लावल्या होत्या, आज अलका, उद्या निर्मला, परवा आणखी कुणी. महिनोन् महिने एका मुलीचा हात सगळ्यांनी मिळून झाकून ठेवला होता, आणि तो मी भर मांडवात एका वाक्यात उघडा केला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या त्यावरून मी बरोबर केलं होतं. पण मांडवातल्या त्या नजरा मला आता कळल्या.

सर बाहेर व्हरांड्यात गेले. थोड्या वेळानं मीही गेले. ते कठड्याला धरून उभे होते.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "ह्या पोरींत एकी नाही. म्हणून हरतात. ती यावी म्हणून एवढं सगळं."

त्यांनी कठड्यावरचा हात काढला.

"तुला पण माहीत नव्हतं?"

"नाही, आप्पा."

"तीन वर्षं त्यांच्यात आहेस की तू."

"मी त्यांच्यात नव्हते, आप्पा. तुमच्याकडची होते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग परत विचारलं, "तुला खरंच कुणी नाही सांगितलं?" जणू खांद्याहूनही त्यांना तेवढंच समजून घ्यायचं होतं. मी मान हलवली. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, घडी घातली, परत उघडला. नंतर ते आत जाऊन जुबेदाला म्हणाले, "चहा पिशील का, बाळ?" बाळ हा शब्द त्यांच्या तोंडून संघातल्या कुणी कधी ऐकला नसेल. जुबेदा गोंधळली. म्हणाली, "सर, तुम्ही बसा. निर्मला आणेल."

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होत आली. जुबेदा पोलिसांत गेली, पण खेळाडूंच्या जागेवरून नाही; मेडल असूनही ती भरती खांद्यामुळं हुकली. खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर दोन वर्षांनी साध्या भरतीत गेली. तेवढा काळ तिच्या आईला सरांनी थोपवून धरलं, घरी चार-चार खेपा घालून. त्या दोन वर्षांत जुबेदा माझ्याशी जेमतेम बोलली. एकदा मी तिला म्हणाले, "तुझा हात गेला असता." ती म्हणाली, "गेला असता तर माझा गेला असता." पुढं ती निवळली. आता तिच्या मुलीच्या शाळेच्या गोष्टी ती मला फोनवर तासभर सांगते.

आप्पांनी तो गोल परत कधी केला नाही. पण त्याच्या जागी दुसरं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सराव संपला की ते काहीतरी विचारायला तोंड उघडायचे, सगळ्यांकडं बघायचे, आणि म्हणायचे, "बरं. जा घरी." पुढच्या हंगामात त्यांनी संघ निर्मलाकडं सोपवला आणि स्वतः फक्त पहाटे मैदानावर पाणी मारायला जात राहिले.

त्या वेळी, सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही लातूरहून एसटीनं परत निघालो. गाडी तशी मोकळीच होती. मुली मागच्या बाकांवर गेल्या. जुबेदा खिडकीशी, हात छातीला बांधलेला. आप्पा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले. येताना मी त्यांच्याच शेजारी बसून आले होते. कुठंही जाताना मी त्यांच्याच शेजारी बसायची. मी शेवटी चढले. पिशवी हातात घेऊन मधल्या वाटेत उभी राहिले. मागं कुणीतरी काहीतरी बोललं आणि मी आल्याचं दिसल्यावरही बोलणं थांबलं नाही. निर्मला जरा सरकली. बोलावलं नाही, नुसती सरकली.

मी आप्पांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते, त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि त्यांना एकटं टाकून मागं जायचं माझ्या जिवावर आलं होतं. कंडक्टरनं घंटी मारली. आप्पांनी खाली वाकून पायांशी ठेवलेली आपली पिशवी उचलली आणि माझ्याकडं न बघता शेजारच्या जागेवर ठेवली.